खंडेनवमीला उघडं राहिलेलं चाक

माझ्या स्वभावाबद्दल आमच्या घरात दुमत नाही. मी संशयी आहे. दुधाचा थेंब नखावर घेऊन तो कसा ओघळतो हे बघितल्याशिवाय मी दूध तापवायला ठेवत नाही. गिरणीतून पीठ आलं की ते आपल्याच जोंधळ्याचं आहे का हे वासावरून ठरवते. शाळेत एखादं पोरगं पोट दुखतं म्हणालं, तर कुठल्या बाजूला ते विचारते आणि जरा वेळानं पुन्हा विचारते. बहुतेक वेळा बाजू बदललेली असते. त्यामुळं संशय घेणं वाईट, असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

बिदर जिल्ह्यात चिटगुप्प्याहून हुमनाबादला जाताना आमचं गाव लागतं. तिथल्या मराठी शाळेत मी शिकवत होते. यजमान पुण्याला एका ट्रॅव्हल्सवाल्या शेठकडं ड्रायव्हर होते. सात-आठ वर्षं सणासुदीला यायचे, पाहुण्यासारखे राहायचे आणि जायचे. गावातली निम्मी तरुण माणसं अशीच पुण्याला, हैदराबादला होती, त्यामुळं त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मुलगी मोठी झाली तशी बिदरला वसतिगृहात गेली. घरात मी आणि सासरे, दोघंच. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. आमचं घराणं मूळचं मेंढरांचं. अप्पांच्या वडिलांपर्यंत कळप होता, अप्पांच्या हयातीत तो संपला आणि शेती राहिली. कळपातली उरलेली एकच वस्तू म्हणजे लोकर कातरायची मोठी कातर. ती माळवदाच्या खोलीत खुंटीला टांगलेली असे, आणि तिच्याखालून जाताना माझी मान आपोआप खाली जाई.

एका उन्हाळ्यात यजमान पुण्याहून आले ते गाडी घेऊनच. शेठनं वापरून काढलेली, उंच, सात-आठ माणसं सहज बसतील अशी. पुण्याची माणसं तिला एसयूव्ही म्हणत. आमच्या गावानं तिचं बारसं ‘मोठी गाडी’ असं केलं. लग्नाची वऱ्हाडं, बाळंतिणी, सोलापूरला दवाखान्यात न्यायची माणसं, यांना भाड्यानं न्यायची असा बेत होता. आल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, “गाडी चालली तर राहतो. न्हाई तर दिवाळी करून जातो परत.” मी भाकरी थापत होते. ते वाक्य माझ्या छातीत जे बसलं ते हललंच नाही.

मला ते राहायला हवे होते. आज हे लिहायला सोपं वाटतं. तेव्हा ते तोंडातून निघत नसे. एक तर आमच्याकडं निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, ‘कुठं’ असं विचारू नये, ही शिकवण लहानपणापासूनची. आणि खरं कारण दुसरंच होतं. जाऊ नका म्हटलं आणि तरी ते गेले, तर मग माझ्याकडं काय उरणार होतं? न म्हटलेलं बरं. न म्हटल्यानं निदान मनात ठेवता येतं की म्हटलं असतं तर राहिले असते.

पावसाळाभर गाडी बरी चालली. पण शेठचे फोन यायचे. आमच्या गावात मोबाईल पोचला होता, रेंज मात्र गोठ्यामागच्या कडुलिंबाखालीच पोचली होती. फोन वाजला की यजमान चालत लिंबाखाली जायचे, हिंदीत बोलायचे, एक हात खोडाला टेकवून हसायचेही. परत येऊन काहीच सांगायचे नाहीत. मी गोठ्यात काही ना काही काम काढून बघितलं, पण म्हैस इतकी जोरात रवंथ करते की एक शब्द कळत नसे. माझा संशय पक्का होत गेला. या माणसाचं मन पुण्यात आहे, आणि गाडी चालली नाही असं म्हणायला त्याला फक्त एक निमित्त हवं आहे.

गणपतीनंतर गाडीचा ब्रेक किर्र वाजू लागला. बोळात गाडी शिरली की घराघरातली कुत्री उठायची. यजमान म्हणाले, पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड झिजलेत, बदलायला पाहिजेत. हुमनाबादच्या गॅरेजला टाकतो.

“टाकू नका,” मी म्हणाले.

“कामून?”

“आतलं चांगलं काढून घेतेत अन् दुसऱ्याचं जुनं बसवतेत. तुमाला कळंल बी न्हाई.”

“म्या उभारतो की तिथं.”

“चहाला चला म्हनले की जाताव तुमी.”

आणि ते खरंच चहाला गेले असते. शेवटी घरीच करायचं ठरलं. ते मिस्त्री नव्हते, पण पुण्यात शेठच्या गाड्यांचं हे काम त्यांनी बऱ्याचदा हाताखाली राहून बघितलं होतं, दोनदा स्वतः केलंही होतं. पॅडचा खोका त्यांनी हुमनाबादहून आणला. मी तो उजेडात धरून बघितला. वरच्या छपाईची शाई बोटाला लागत होती आणि झाकणाची चिकटपट्टी एकदा काढून पुन्हा लावल्यासारखी वाटत होती. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, “तू डाळीचा पुडा बी असाच बघतीस.” मी म्हणाले, बघतेच.

जॅक आमच्याकडं होता तो चढता चढता खाली बसायचा. म्हणून पलीकडच्या गल्लीतल्या जीपवाल्याचा आणला. हा जीपवाला चिटगुप्पा-हुमनाबाद अशी माणसं भरून जीप चालवायचा. आमची मोठी गाडी आल्यापासून त्याची दोन-तीन वऱ्हाडं आमच्याकडं वळली होती. असा माणूस आपण होऊन जॅक देतो, वर तो स्वतः खांद्यावर टाकून आणून देतो, आणि मग जात नाही. चाकाजवळ उकिडवा बसून राहतो. आता याच्यावर संशय घ्यायचा नाही तर कुणावर घ्यायचा?

“अण्णा, घरी कामून करायलाव?” तो म्हणाला. “हुमनाबादला टाका की. एका घंट्यात देतेत करून.”

“घरच्यांचा भरोसा न्हाई गॅरेजवर,” यजमान म्हणाले.

“वैनी, तुमी बी मिस्त्री झालाव का?” त्यानं मला विचारलं. मी ओसरीच्या कडेला तूर निवडत बसले होते. तूर नावाला होती. मी राखणीला बसले होते, आणि ते त्यालाही कळलं असावं.

तो अष्टमीचा दिवस होता. दुपारनंतर काम सुरू झालं. आधी ड्रायव्हरच्या बाजूचं, म्हणजे उजवं चाक. नट ढिले केले, जॅक लावला, जॅकवर भरवसा नको म्हणून गाडीखाली मोठा दगडही सरकवला. चाक निघालं तशी आतली डिस्क दिसली. परातीएवढी लोखंडी चकती, घासून घासून चकचकीत झालेली. तिला दोन्ही बाजूंनी धरणारा जो लोखंडी पंजा असतो, त्याचे बोल्ट काढून तो त्यांनी तारेनं वर टांगून ठेवला. त्या पंजात पॅड असतात. ब्रेक दाबला की ते चकतीला दोन्हीकडून आवळतात आणि चाक थांबतं. हे सगळं यजमान जीपवाल्याला सांगत होते. जीपवाल्याला ते माहीत असणारच. मला ऐकू यावं म्हणून सांगत होते, हे मला नंतर कळलं. जुने पॅड बिस्किटासारखे पातळ झाले होते. नवे बसले, चाक चढलं, नट आवळले. तासाभरात एक बाजू झाली.

डावी बाजू मात्र हटून बसली. चाक निघालं, पंजाही निघाला, पण जुना पॅड गंजून आत असा अडकला की निघता निघेना. त्यातच वीज गेली आणि दिवस बुडाला. यजमान म्हणाले, राहू द्या, सकाळी उठून करतो. गाडी तशीच दगडावर उभी राहिली, डावीकडं चाक नाही, चकती उघडी. जीपवाला उठला. जाता जाता त्या उघड्या चकतीकडं त्यानं जे बघितलं ते मी बघितलं.

आता दुसरा दिवस खंडेनवमीचा, आणि हे आम्हा दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. अप्पांच्या राहिलं. पहाटेच उठून त्यांनी घरातलं सगळं लोखंड गोळा केलं. कुऱ्हाड, विळे, खुरपी, नांगराचा फाळ, ती मेंढरांची कातर, माझी शिवणाची कात्री, आणि अंगणात पसरलेले सगळे पाने, टॉमी, हातोडी, जीपवाल्याचा जॅकसुद्धा. धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून सगळं देवघरापुढं मांडलं. यजमान उठून बाहेर आले तर अंगण झाडल्यासारखं मोकळं.

“अप्पा, पाने लागतेत,” ते म्हणाले.

“आज लागत न्हाईत,” अप्पा म्हणाले. “आज त्येंचा दिस हाय. आज त्येंनी बसायचं, आपन बी बसायचं. उद्या काय करायचं ते कर.”

नवमीला बसवलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरेपर्यंत उचलायचं नाही, हा आमच्याकडचा दंडक. त्यावर वाद घालायची कुणाची छाती नव्हती. यजमानांनी दिवसभर गाडीकडं बघत बिड्या ओढल्या. अप्पांनी गाडीचीही पूजा केली. दर्शनी भागाला हळदकुंकू, झेंडूचा हार, उरलेल्या तीन चाकांखाली लिंबं. मी पुरणात गुंतले होते, माझं लक्ष नव्हतं. त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं, की ज्या एका दिवशी लक्ष हवं होतं त्याच दिवशी मी चुलीजवळ होते.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरली. यजमानांनी घाईघाईनं डावी बाजू पूर्ण केली. अडकलेला पॅड हातोडीच्या दोन ठोक्यांत निघाला. नवमीची कृपा, असं अप्पा म्हणाले. यजमानांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. चाक बसवून त्यांनी गाडी बोळातून एक फेरी फिरवून आणली. मी विचारलं, बरोबर लागतो का ब्रेक? ते म्हणाले, नवे पॅड बसायला जरा वेळ लागतो. मला ते वाक्य आवडलं नाही.

दुपारी जीपवाला बन्नीची, म्हणजे शमीची पानं सोनं म्हणून द्यायला आला. अप्पांच्या पाया पडला, यजमानांना मिठी मारली, आणि पानं माझ्या हातात ठेवता ठेवता विचारलं, “ब्रेक कसा लागायलाय, अण्णा?” सणाच्या दिवशी कुणी ब्रेकचं विचारतं का? माणूस आधी पुरणाचं विचारतो.

उन्हं कलल्यावर आम्ही माझ्या माहेरी बन्नी द्यायला निघालो. माहेर हुमनाबादच्या पुढं, गुलबर्ग्याच्या रस्त्याला. यजमान गाडी चालवत होते, मी शेजारी, अप्पा मागच्या सीटवर नवा पटका बांधून, दोन्ही खिडक्यांतून आळीपाळीनं बघत. सोयाबीनच्या राशींचे दिवस होते. रस्त्याच्या कडेला शेंगा वाळत पडलेल्या, मळणी यंत्रं धूळ उडवत होती. हुमनाबाद मागं पडलं आणि एका ओढ्याकडं रस्ता उतरतो तिथं आमच्यापुढं एक ट्रॅक्टर मळणी यंत्र ओढत शेतातून रस्त्यावर चढला. यजमानांनी ब्रेक दाबला.

गाडी थांबायच्या ऐवजी उजवीकडं ओढली गेली. समोरून लॉरी येत होती. यजमानांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग डावीकडं खेचलं, आणि आम्ही ट्रॅक्टरच्या मागून घसरत, शेंगांच्या पसाऱ्यावरून, कडेच्या तुरीत शिरलो. तूर कंबरेएवढी होती. तिनं आम्हाला धरलं. लॉरी हॉर्न वाजवत निघून गेली.

मग मागून अप्पा म्हणाले, “देवीनं राखलं.” त्यांचा पटका सुटून मांडीवर आला होता. माझ्या मुठीतली बन्नीची पानं चुरगळून गेली होती. यजमानांचा चेहरा मात्र भ्यालेला दिसला नाही. ते विचार करत होते. आणि मी त्या चेहऱ्याकडं बघत विचार करत होते, की हे काय विचार करतायत.

माहेर तसंच राहिलं. ते गाडी अगदी बैलगाडीच्या चालीनं घरी घेऊन आले.

माझं डोकं मात्र जोरात धावत होतं. पहिला दुकानदार. चिकटपट्टी दोनदा लावलेली, मी आधीच म्हणाले होते. पण पॅडच खोटे असते तर दोन्ही बाजूंनी खोटे असते. मग गाडी एकाच बाजूला का ओढली? दुसरा जीपवाला. अष्टमीची रात्र आणि नवमीचा दिवस चकती उघडी होती, आणि अंगणाला आमच्या फाटक नाही. शेजारणीनं तर सरळ भानामतीचंच नाव घेतलं. चाकाखाली लिंबू ठेवलं नव्हतं ना, त्याच चाकातून शिरली, म्हणाली. मी तिला झटकलं. शाळेत पोरांना भानामती खोटी म्हणून शिकवणारी बाई मी. विश्वास नव्हताच. पण त्या संध्याकाळी रस्त्यात पडलेलं लिंबू मी वळसा घालून टाळलं, हेही खरं.

आणि तिसरा संशय. तो मी मोठ्यानं मनातसुद्धा म्हणत नव्हते. गाडी चालली तर राहतो, असं म्हणणाऱ्या माणसाला गाडी चालू नये असं वाटत असेल तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डावं चाक पुन्हा खोललं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी होते. अप्पा गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होते. यजमानांनी चकतीवर बोट फिरवलं. बोट नाकाजवळ नेलं. मग त्यांनी मान वळवून घराकडं, थेट स्वयंपाकघराकडं बघितलं. मी झटकन मागं सरले. पुन्हा डोकावले तेव्हा ते पेट्रोलात फडकं बुडवून चकती घासत होते, चारचारदा, आतून-बाहेरून. पॅड काढून पॉलिश पेपरवर घासले. कुणाला हाक मारली नाही, कुणावर चिडले नाहीत. काम झाल्यावर ते फडकं त्यांनी सीटखाली सरकवलं. माणूस पुरावा लपवतो तसं.

ते हात धुवायला हौदाकडं गेले आणि मी गाडीतून फडकं काढलं. पेट्रोलचा वास होताच. त्याच्या खाली दुसरा वास होता, आणि तो मला कुणी सांगायची गरज नव्हती. करडीचं तेल. रोज सकाळ-संध्याकाळ फोडणीला घालते ते, आमच्याच शेतातल्या करडीचं, आमच्याच घाण्यावरून गाळून आणलेलं. जीपवाल्याच्या घरी शेंगदाण्याचं तेल खातात.

म्हणजे हात घरातला होता. घरात माणसं तीन. मी लावलं नव्हतं. अप्पांवर संशय घेण्याचं काही कारणच नव्हतं, लेकाला जपणारा म्हातारा. उरलं कोण?

राग आला की मी जोरात बोलत नाही. हळू बोलते, आणि शाळेतली पोरं त्यालाच जास्त घाबरतात. फडकं हातात धरून मी हौदाजवळ जाऊन उभी राहिले.

“हे तेल आपल्या घरातलं हाय,” मी म्हणाले.

“म्हाईत हाय,” ते हात चोळत म्हणाले.

“अप्पा गाडीत बसले व्हते. म्या बसले व्हते. जायचंच हाय पुण्याला तर सरळ जायचं. हे असं कामून केलाव?”

त्यांचे हात थांबले. साबण तसाच वाहत राहिला. “काय केलो म्या?”

“तेल कामून लावलाव?”

“म्या?” ते माझ्याकडं बघत राहिले. त्या बघण्यात लबाडी असती तर मला दिसली असती. “मला वाटलं, तू लावलीस.”

“मी? कामून लावीन मी?”

ते काही बोलणार तेवढ्यात गोठ्याकडून अप्पांचा आवाज आला. म्हैस आज गप्प होती वाटतं, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

“ते तेल व्हय? म्या लावलं,” अप्पा म्हणाले. वैरणीचे हात झटकत ते आले, आणि तोंडावर चांगलं काम केल्याचं समाधान. “कातरीला लावलं, कुराडीला लावलं, फाळाला लावलं. येवढं मोठं लोखंड उघडं पडलंय, त्येला कामून ठिवू? उन्हाळ्यापासनं तुज्या संगं पळतंय ते. दोन्ही अंगांनी लावलं. आतल्या अंगाला हात जाईना, तर काडीला चिंधी बांधून लावलं.”

यजमानांनी हातावरचा साबण धुतला.

“अप्पा,” यजमान म्हणाले, “ते ब्रेकाचं लोखंड हाय. त्येला तेल लागलं की गाडी थांबत न्हाई.”

अप्पांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते तिथंच हौदाच्या कठड्यावर बसले. तुरीतली गाडी त्यांच्या डोळ्यांपुढं आली असावी. “म्या तर तुला काय होऊ न्हाई म्हनून लावलं रे,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक झाला होता की माझा सगळा राग तिथंच विरला. यजमानांनी ओल्या हातानंच त्यांचा खांदा धरला. काही झालं न्हाई, आता पुसलंय सगळं, असं दोन-तीनदा म्हणाले. थोड्या वेळानं अप्पा उठले आणि म्हशीकडं गेले.

आता खरं तर सगळं संपलं होतं. दुकानदार सुटला, जीपवाला सुटला, भानामती सुटली. मला हसू यायला लागलं होतं. एका म्हाताऱ्याच्या नवमीपायी मी अख्ख्या तालुक्याला आरोपी केलं होतं. पण यजमान हसत नव्हते. त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं, त्याची घडी घातली, पुन्हा मोडली. तोंड उतरलं होतं. आणि माझ्यातल्या संशयाला जाग आली. तेल अप्पांनी लावलं, बायकोनं नाही, हे कळल्यावर माणसाला बरं वाटायला पाहिजे. याला वाईट का वाटतंय?

“काय झालं?” मी विचारलं.

“काय न्हाई.”

“म्या तेल लावले असं वाटलं व्हतं, तर मला बोललाव कामून न्हाई? फडकं कामून लपवलाव?”

“अप्पाला दिसू न्हाई म्हनून. तुला बोलले असते ते.”

“अन् तुमी? तुमाला राग न्हाई आला? मरता मरता वाचलो आपन.”

ते हौदाच्या कठड्यावर बसले. पाण्याकडं बघू लागले.

“आला की,” ते म्हणाले. “आधी आला. मंग बसून इचार केलो. म्हनलं, मी जाऊ न्हाई म्हनून लावली असंल. येड्यावानी केली, पर त्याच्यासाठीच केली.” फडक्याची त्यांनी पुन्हा घडी घातली. “इतक्या सालात येकदा बी जाऊ नका म्हनली न्हाईस तू. बॅग भरून दितीस, डबा भरून दितीस, दारात उभारतीस. मला वाटायचं, हिला बरंच वाटत असंल. शाळा हाय, घर हाय, आपलं काय नडतंय. शेठ फोन करायलाय, मला ये म्हनायलाय, अन् हितं थांब म्हनणारं कोन न्हाई. तेल बगितलो अन् वाटलं, तेलानं का हुईना, म्हनली येकदाची.”

मी उभीच होते. दुधात, पिठात, पोरांच्या पोटदुखीत, खोक्याच्या चिकटपट्टीत सगळीकडं मी काहीतरी दडलेलं शोधत आले. आणि हा माणूस दर दिवाळीला दारात वळून माझ्या तोंडाकडं बघायचा, तेव्हा काय शोधत असेल असा संशय मला एकदाही आला नव्हता. मला रडायचं नव्हतं, मी पदराशी चाळा करत राहिले.

“जाऊ नका,” मी म्हणाले.

ते पाण्याकडंच बघत होते. काही बोलले नाहीत, मानही वर केली नाही. मला वाटलं, आवाज फुटलाच नाही. गोठ्यात अप्पा होते, ऐकतील, पण त्याची मी पर्वा केली नाही.

“जाऊ नका म्हनायले मी,” मी मोठ्यानं म्हणाले. “ऐकू येईना का?”

“पहिल्या खेपेलाच ऐकू आलं व्हतं,” ते म्हणाले. “आनखी येकदा म्हनतीस का बगावं म्हनून गप बसलो.”